त्रेपन्न कार्डांवरची खूण

त्या त्रेपन्न कार्डांच्या उजव्या कोपऱ्यातली जांभळी खूण मास्तरांची नव्हती, माझी होती. वीस वर्षांहून अधिक काळ हे मी कोणालाही सांगितले नाही. पत्नीला नाही, ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांना नाही, आणि ज्यांना ते कळणे सर्वांत आवश्यक होते त्या मास्तरांना तर नाहीच. लपवलेली गोष्ट जुनी झाली की तिचा काच आपोआप कमी होतो, अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी मोडली, ते मला क्रमाने लिहायचे आहे.

गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षे झाली होती. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचा अधिव्याख्याता होतो, वय तिशीच्या आत. आमच्या विभागप्रमुखांनी गोव्याच्या जुन्या अर्थव्यवहारावर संशोधनाची योजना हाती घेतली होती. पोर्तुगीज अमदानीतले वार्षिक अहवाल, जकातीची पुस्तके, गावोगावची दप्तरे अशा कागदांची तीन मोठी खोकी विभागात येऊन पडली होती आणि त्यांतली एक ओळही आमच्यापैकी कोणाला वाचता येत नव्हती. म्हणून पहिले काम असे ठरले की, अर्थशास्त्रातल्या मूलभूत पोर्तुगीज संज्ञांची एक इंग्रजी शब्दावली तयार करायची. मागणी, पुरवठा, व्याज, मजुरी, कर, खंड. जे शब्द आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतो, तेच. शब्दावली हाती असली की देशातल्या कोणत्याही अभ्यासकाला ते कागद उघडता येतील, हा प्रमुखांचा हेतू होता आणि तो चांगला होता.

पोर्तुगीज जाणणारा माणूस मिळाला तो अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. गोव्यातल्या एका वाणिज्य शाळेत पंचवीस वर्षे पोर्तुगीजमधून शिकवलेले हे मास्तर पत्नी वारल्यावर आपल्या एकुलत्या मुलीकडे नागपूरला राहायला आले होते. जावई रेल्वेत होते. आठवड्यातून तीन दुपारी ते विभागात येत. अंगात काळा कोट, तोही एप्रिलच्या उन्हात. आमच्या विभागाचा शिपाई त्यांना पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मास्तर, तुमच्या गोव्यात ऊन नसते का जी? कोट काढा ना. तुमच्याकडे पाहून आमालेच घाम येऊन राहिला."

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "शिपाईबाब, कोट काढला तर आतला विरलेला सदरा दिसेल. सदरा दिसला तर माझ्या शब्दांवर कोण विश्वास ठेवील?"

शिपाई इतका हसला की चहाचे कप त्याला खाली ठेवावे लागले.

मास्तरांची कामाची रीत मी तोवर कुठे पाहिली नव्हती. मी पोर्तुगीज शब्द कार्डावर लिहून समोर ठेवत असे. त्याला इंग्रजी प्रतिशब्द ते लगेच देत नसत. आधी तो शब्द गोव्यात कोण, कुठे, कशाच्या संदर्भात बोलतो ते मराठीत सांगत, आणि मग त्याचे नागपुरातले उदाहरण माझ्याकडून काढून घेत. 'प्रोकुरा', म्हणजे मागणी, हा शब्द आला तेव्हा मी पाठ असलेली व्याख्या म्हणून दाखवली.

"हे पुस्तकातलं झालं," मास्तर म्हणाले. "आता मला इतवारीत घेऊन चला."

मी सांगितले की इतवारीच्या बाजारात लग्नसराईत भांड्यांच्या ओळीत गर्दी होते, बायका पितळेचे डबे पाहतात, भाव विचारतात.

"त्यांतली एक बाई नुसती डबा वाजवून पाहते आणि निघून जाते. ती प्रोकुरात आली का?"

"नाही. तिला डबा हवासा वाटला तरी विकत घेण्याची ऐपत आणि तयारी दोन्ही पाहिजेत."

"आता लिहा, बाब. आता तुम्हाला कळलं आणि मला तुम्हाला कळलेलं कळलं."

कार्ड लिहून झाले की ते वाचून पाहत, खिशातली जांभळी पेन्सिल जिभेला लावून ओली करत आणि कोपऱ्यात मासे पकडायच्या गळासारखी एक छोटी वाकडी खूण करत. खूण नसलेले कार्ड टंकलेखकाकडे जाणार नाही, हा त्यांचा एकच हट्ट होता आणि प्रमुखांनी तो मान्य केला होता. अशा रीतीने दुपारी तीन, फार तर चार शब्द होत. प्रमुख दाराशी येऊन म्हणत, "अहो, या वेगाने शब्दावली माझ्या निरोप समारंभात प्रकाशित होईल." मास्तर उठून उभे राहत, किंचित झुकत, आणि पुढचा शब्द तितक्याच संथपणे घेत.

खोटे कशाला बोलू, त्या दुपारी मला आवडत होत्या. पण काही महिन्यांनी मला असेही वाटू लागले होते की आता मला हे जमते, मास्तर निमित्तमात्र आहेत. माझ्या चुकीचे मूळ शोधताना मी दरवेळी या एका वाटण्यापाशी येऊन थांबतो.

दोनशेच्या वर कार्डे झाली होती आणि त्रेपन्न उरली होती, तेव्हा मास्तरांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला कित्येक दिवस हलू देत नसत. नेमकी तेव्हाच संशोधन समितीची बैठक जाहीर झाली. प्रमुखांनी मला बोलावून सांगितले, "उरलेली कार्डं घेऊन रोज त्यांच्या खाटेपाशी बसा. तोंडी विचारा, लिहून घ्या. खुणा ते मागाहून करतील."

इतका सरळ मार्ग माझ्यापुढे होता. मी एकदाच गेलो. मास्तर डोळे बांधून उताणे निजले होते. माझा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "कार्डं आणलीत? माझे डोळे बंद आहेत, डोकं उघडं आहे." कार्डे माझ्या पिशवीत होती. बाहेर ऊन होते, सायकलने परत जायचे होते, वॉर्डात औषधांचा वास होता. मी म्हणालो, "घाई नाही मास्तर, आधी बरे व्हा."

प्रमुखांना मात्र मी सांगितले की रोज जातो आहे.

प्रवाशांसाठी छापलेला एक लहान पोर्तुगीज-इंग्रजी कोश मी मिळवला आणि तीन दुपारींत त्रेपन्न कार्डे लिहिली. मला एका दुपारी चार शब्दांची सवय होती. या वेगाचे मला नवल वाटले नाही, अभिमान वाटला. मग जांभळी पेन्सिल विकत आणली. विभागात कोणी नव्हते. रद्दी कागदावर ती गळासारखी खूण मी गिरवत बसलो, आणि पहिल्या खऱ्या कार्डावर ती उतरवली तेव्हा दोन्ही खुणा शेजारी ठेवल्यावर कोणती कोणाची ते मलाच सांगता येईना. मनाशी म्हटले, पट्टी सुटली की त्यांना सगळी दाखवू. पट्टी सुटली तोवर छपाईचे स्टेन्सिल कापून झाले होते, आणि मास्तरांनी उरलेल्या कार्डांचे विचारले तेव्हा मी म्हणालो की तपासलेली तेवढीच छापली. समितीने कौतुक केले. दाखवायचे राहून गेले, असे मनाशी म्हणण्याची सवय मला लागली. खरे तर मी दाखवले नाही.

त्या त्रेपन्नांत 'फोरु' हा एक शब्द होता. गावांच्या दप्तरांत जमिनीच्या तुकड्यांपुढे दरवर्षी येणारी ठरावीक रक्कम या नावाने लिहिलेली असे. कोशातून नीटसे काही कळले नाही, तेव्हा मी स्वतःच्या अनुभवावर निर्णय घेतला. मी नरखेडकडच्या शेतकरी घरातला. जमिनीवर दरवर्षी भरायची रक्कम म्हणजे शेतसारा, तो पटवारी घेतो आणि तो सरकारात जातो, हे मी लहानपणापासून पाहिलेले. ज्याच्या नावावर जमीन त्याने दरवर्षी काही द्यायचे आणि ते सरकारशिवाय दुसऱ्या कोणाला, हे आमच्या संत्र्याच्या बागांत कधी कोणाच्या मनात आले नसेल. मी कार्डावर शेतसाऱ्याचा इंग्रजी शब्द लिहिला आणि खूण केली.

पुढच्या हिवाळ्यात विभागाने चर्चासत्र भरवले. मास्तरांना पहिल्या रांगेत बसवले होते. नव्या जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. आमच्या शब्दावलीच्या आधारे एका अभ्यासकाने निबंध वाचला, आणि तो संपताच बाहेरगावचे एक पाहुणे प्राध्यापक उठले. त्यांचा स्वर सौम्य होता. ते म्हणाले, "फोरु हा सरकारी सारा नव्हे. गोव्यात गावची जमीन गावकरी संस्थेच्या मालकीची असे. ती जमीन लावून घेणारा त्या संस्थेला दरवर्षी जे देई तो फोरु. आपण गावाचं उत्पन्न सरकारचा कर म्हणून मांडलं आहे. निबंधातला अर्धा निष्कर्ष यामुळे उलटा होतो."

प्रमुखांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कार्डांचा खण मागवला. कार्ड सापडले, हातोहात पुढे गेले आणि मास्तरांच्या हाती पोचले. मास्तरांनी ते चष्म्याजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. बोटाने कोपऱ्यातली खूण चाचपली. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आरोप नव्हता. वाट चुकलेला माणूस ओळखीच्या माणसाकडे जसा पाहतो, तसे ते पाहत होते. मी टेबलावरच्या कागदांकडे पाहू लागलो.

"खूण माझी आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "खूण माझी, तर शब्दही मीच सांगितला असणार."

"वयाचा परिणाम, दुसरं काय!" प्रमुख वातावरण हलके करण्यासाठी म्हणाले, आणि मागच्या रांगांत हसू पसरले.

मी उठलो. मला वाटले, मी आता बोलणार. मी पाण्याचा पेला भरून मास्तरांना नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "देव बरें करूं." आभार मानताना ते नेहमी त्यांच्या कोंकणीतच मानत.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावले नाही आणि तेही आले नाहीत. शिपायाने दोन-तीनदा विचारले, "मास्तर काहून येत नाहीत जी, सर?" मी म्हणालो, तब्येत. तो म्हणाला, "तब्येतीले काय झालं? परवा तर पायी जाऊन राहिले होते बर्डीवर." मी वर्गावर निघून गेलो.

मनाला मी एक स्पष्टीकरण देऊन ठेवले होते. मास्तरांनी सारे ओळखले असणार. जो शब्द गोव्यात गावोगाव रोजचा, तो ते विसरतील कसे? त्यांनी जाणूनबुजून माझी चूक स्वतःवर घेतली, एका तरुणाची नोकरी वाचवली. हे स्पष्टीकरण मला इतके सोयीचे होते की कालांतराने मी मनातल्या मनात त्यांच्या मोठेपणाला नमस्कारही करू लागलो. मी बढत्या घेतल्या. पुढे विभागप्रमुख झालो. विद्यार्थ्यांना मी सांगत असे की तपासल्याशिवाय संज्ञा वापरू नका. ते सांगताना माझा आवाज कधी कापला नाही, याचे मला आज भय वाटते.

मग मागच्या वर्षी, मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला मी इतवारीत गेलो असताना पाठीमागून हाक आली, "सर, ओळखलंत का?" मास्तरांची मुलगी होती. केस पांढरे झालेले. हाती गंज, म्हणजे पितळेचे मोठे पातेले, घेऊन मी उभा होतो. मी विचारले, मास्तर कसे आहेत; आणि विचारताना मला वाटत होते की ती त्यांच्या जाण्याची तिथी-वार सांगेल.

"आहेत. ऐंशी ओलांडली. आम्ही आता सोमलवाड्याला घर बांधलंय. कानाने फार कमी ऐकतात, बाकी शरीर ठणठणीत." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "पण सर, तुमच्या त्या कॉलेजातल्या सभेपासून बाबा पुन्हा पहिल्यासारखे झालेच नाहीत."

"म्हणजे?"

"त्यांना वाटतं, त्यांचं डोकं गेलंय. आमचे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, गावकरी संस्थेचे लेखनिक होते. फोरु हा शब्द बाबा अक्षरं शिकायच्या आधी शिकले. ते म्हणतात, तो शब्द मी चुकीचा सांगितला आणि मला सांगितल्याचं आठवतसुद्धा नाही, मग माझ्या डोक्यात दुसरं काय शाबूत असणार? त्या दिवसापासून त्यांनी कोणाला शिकवलं नाही. माझ्या मुलीला फार हौस होती पोर्तुगीजची, तिला नाही म्हणाले. दाराला कडी लावून आले तरी मला विचारतात, मी लावली का गं? सही करायची तर आधी मला वाचायला लावतात. तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात, स्मरणशक्ती उत्तम आहे. बाबा म्हणतात, डॉक्टरांनी ते कार्ड पाहिलेलं नाही."

 बाजार तसाच चालला होता आणि मला त्यातला एकही आवाज वेगळा ऐकू येईना. दुकानदार म्हणाला, "भाऊ, तो गंज ठेवा ना खाली. पडला तं पोचा येईन त्याले." मी दोन्ही हातांनी तो धरून उभा होतो.

मास्तरांनी मला वाचवले नव्हते. त्यांना काही कळलेच नव्हते. मी केलेल्या खुणेवर त्यांनी स्वतःच्या स्मृतीपेक्षा अधिक विश्वास ठेवला होता.

"सर, तुम्ही होतात ना कार्डं लिहायला?" ती म्हणाली. "खरंच बाबांनी तसं सांगितलं होतं?"

आणि मी म्हणालो, "इतकी वर्षं झाली... नीट आठवत नाही."

तरुणपणीच्या चुकीला वय हे कारण देता येते. पण इतवारीतल्या त्या दुपारी मी पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला, जाणता माणूस होतो. माझी नोकरी कोणी घेणार नव्हते, आणि तरीही तेच मौन माझ्या तोंडून शब्दांचे रूप घेऊन बाहेर पडले. माझ्या आयुष्यात मला स्वतःचा एवढा धक्का कधी बसला नव्हता.

आठ दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

सोमलवाड्याच्या घरी मास्तर ओसरीवर खुर्चीत बसले होते. कोट नव्हता, स्वच्छ, इस्त्रीचा सदरा होता. मुलीने माझे नाव त्यांच्या कानाशी जोरात सांगितले. त्यांनी माझा हात धरला. "बाब, तुम्ही मोठे झालात म्हणून ऐकलं. बरं वाटलं."

मी नेहमीच्या हळू आवाजात सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "सर, मोठ्याने बोला, त्यांना काही ऐकू जात नाही." वर्गाबाहेर आयुष्यभर मी मोठ्याने बोललो नव्हतो. शेजारच्या अंगणात कोणी धान्य पाखडत होते. मी आवाज चढवून म्हणालो की फोरुचे कार्ड तुम्ही पाहिलेलेच नव्हते, खूण मी केली होती.

मास्तर हसले. "तुम्ही भले गृहस्थ. हिने तुम्हाला माझं रडगाणं सांगितलेलं दिसतं. पण म्हाताऱ्याची समजूत घालायला एवढं खोटं बोलू नये, बाब. मी माझी खूण ओळखत नाही का?"

मी हादरलो. खरे सांगितले की सारे सुटते, असे मी धरून आलो होतो. आता माझे खरेही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

"मास्तर, ती खूण मी दुपारभर गिरवली होती," मी ओरडून म्हणालो. "तुमच्या डोळ्यांना पट्टी होती तेव्हा. मी दवाखान्यात आलो, तुम्ही कार्डं मागितलीत, ती माझ्या पिशवीत होती आणि मी दिली नाहीत. शेवटची त्रेपन्न कार्डं सगळी त्या दिवसांतली आहेत."

मुलगी दाराशी उभी होती. ती हळूच पुढे आली आणि त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, त्या दिवसांत घास मी भरवत होते तुम्हाला. पेन्सिल कुठली धरणार तुम्ही?"

शेजारचे पाखडणे थांबले होते. मास्तरांचे ओठ काही मोजत असल्यासारखे हलले.

"त्रेपन्न," ते म्हणाले. "आणि त्यांतलं एकही मी वाचलं नाही?"

"एकही नाही."

"म्हणजे फोरु मी चुकलो नव्हतो." त्यांनी हे मला विचारले नव्हते. 

मुलीने माझ्याकडे वळून पाहिले. "मी इतवारीत विचारलं तेव्हा तुम्ही आठवत नाही म्हणालात, सर."

"खोटं बोललो," मी म्हणालो.

मास्तरांनी हात वर करून तिला थांबवले. "यांना सांगू दे. पहिल्यापासून. बाब, मोठ्याने सांगा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जायला हवं."

मी उभा राहिलो. आतून त्यांची नात आणि जावई ओसरीच्या उंबऱ्याशी आले होते.

"मास्तर, तुम्ही काहीही विसरला नव्हतात. तुमच्या कामाचा मला कंटाळा आला होता आणि तुमच्याशिवाय जमतं असं मला वाटलं, म्हणून ती कार्डं मी मनाने लिहिली. तुमची खूण चोरली. सभेत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही, आणि त्यापायी तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या डोक्यावर अविश्वास ठेवलात. चूक माझी होती, तुमची कधीच नव्हती. मी तुमची क्षमा मागतो, मास्तर. तुम्हा सगळ्यांची मागतो."